वाळूवरचे चार माग
सुक्या बोंबलांचा वास आला की मला एकोणीसशे तीस सालातली रेवदंड्याची ओली वाळू आठवते. उतारूंसाठी मी एक जुनी मोटार घेतली होती आणि ओझं पेलावं म्हणून तिला लॉरीचे स्प्रिंगचे पाटे आणि चाकं बसवली होती. पण ती सारखी एका अंगाला ओढायची, म्हणून कोणी बसेना. ओहोटीला वाळूवर चालवून बघत होतो, तर बोंबील वाळत घालणारी कोळीण म्हणाली, “अरं, तुझी मोटार कुर्लीवानी तिरकी चालते हाय, मागं बघ की.” बघितलं, तर चार चाकांचे चार माग, सरळ गाडीची मागची चाकं पुढच्यांच्याच मागावरून जातात, म्हणून दोनच उमटतात. तिनेच जाळं विणायचं सूत दिलं. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणलं, तर डावीकडे दोन बोटं कमी भरलं. पाट्यांचे बोल्ट सैल करून मागचा आस हातोड्याने सरकवला, पुन्हा आवळला, आणि गाडी अशी हाणली की टोपी उडाली. स्टिअरिंग सोडलं तरी ती नाकासमोर धावली. कोळीण रेघांवरून चालत आली, दोनच आहेत हे तिने नीट तपासलं आणि म्हणाली, “आता चढव माझ्या टोपल्या.” ती माझी पहिली उतारू. आता डांबरावर माग उमटत नाहीत, तरी गाडीतून उतरलो की मी अजून मागे वळून बघतो.