जोडीदाराच्या कानामागे

गोचीड मी लहानपणापासून बघत आले आहे. कोरेगावला आमच्या गोठ्यात म्हशी होत्या, आणि म्हशी म्हटल्या की गोचिडी आल्याच. कुणी फार मागे लागलं की आई म्हणायची, गोचिडीसारखा चिकटलाय मेला. तेवढ्यापुरताच त्या प्राण्याशी माझा संबंध. मग जत तालुक्यातल्या एका शाळेत माझी बदली झाली, आणि तिथे मी गोचीड पहिल्यांदा नीट बघितली.

शाळा माळावर. वर्गातली निम्मी पोरं मेंढपाळांच्या घरची. पावसाळा सरला की त्यांचे आईबाप कळप घेऊन लांब चरायला जात, नाहीतर एकजण जाई आणि एकजण घरी राही. पोरं आजा-आजीजवळ, नवी कोकरंही घरीच. थंडीत पोरं आणि कोकरं एकाच घोंगडीत झोपत. सकाळी वर्गात शिरलं की मला लोकरीचा वास यायचा. पहिले काही महिने मी नाक मुरडत होते, नंतर सुट्टीत कोरेगावला गेले की तो वास नाही म्हणून चुकल्यासारखं व्हायचं.

त्या वर्षी सांगलीला शिक्षकांसाठी आरोग्याचं एक प्रशिक्षण झालं. विषय गोचीड चावण्याचा. पडद्यावर कुठल्यातरी परदेशातलं हिरवंगार रान, त्यातून चाललेली गोरीगोमटी मुलं, आणि सगळ्यांच्या पँटी पांढऱ्या मोज्यांत खोचलेल्या. तिकडे गोचिडीमुळे लाईम नावाचा आजार होतो, चावल्या जागेभोवती लाल कडं उमटतं, असं सांगितलं. शिकवणारे डॉक्टर सज्जन होते. तो आजार आपल्याकडे फारसा दिसत नाही, पण आपला गोचीडताप आहे, वेळेत ओळखला तर साध्या औषधाने बरा होतो आणि नाही ओळखला तर जिवावर बेततो, हेही त्यांनी सांगितलं. पण हातात जो कागद दिला त्यात पहिली सूचना मोज्यांचीच. माझं डोकं फिरलं. माझ्या वर्गात मोजे फक्त माझ्या पायांत होते.

संध्याकाळी वडिलांना फोन करून तणतणले. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, निम्मी नोकरी ईशान्येकडच्या जंगलात काढलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजं नसू देत. डोळं हायत न्हवं? आमाला जंगलात जळवा लागायच्या, गोचिडी लागायच्या. परत आलो की बूट काढायच्या आधी शर्ट काढायचा, आन् जोडीदारानं जोडीदाराला तपासायचं. मान, कानामागं, काख, कंबर, गुडघ्याच्या मागं. आपल्याला आपली पाठ दिसत न्हाई पोरी. त्येला जोडीदारच लागतो."

झालं. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना संपली की वर्गात जोड्या बसू लागल्या, मुलांच्या वेगळ्या, मुलींच्या वेगळ्या. मान, कानामागे, काख, कंबर, गुडघ्यामागे. सुरुवातीला नुसता गुदगुल्यांचा बाजार. मी दोन-चारदा ओरडले, मग जमलं.

एक दिवस चौथीतल्या एका मुलीने एडक्याच्या कानातली गोचीड काचेच्या बरणीत घालून आणली, तोंडाला फडकं बांधून. ही मुलगी बोलायची कमी, पण हाताने भारी चलाख. बरणी टेबलावर ठेवली. गोचीड तळाशी मेल्यासारखी निपचित. "मेली गड्या," कुणीतरी म्हणालं. मी त्या मुलीला म्हटलं, फडक्यावरून हळूच श्वास सोड. तिने सोडला. आणि ती गोचीड जागी झाली. तिने पुढचे दोन पाय वर उचलले आणि हवेत फिरवू लागली, आंधळ्या माणसाने दार चाचपावं तसे. आमचा श्वास तिला कळला होता. अख्खा वर्ग रांगेत उभा राहिला, एकेकाने श्वास सोडला आणि भिंगातून बघितलं. माझा नंबर आला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणतात, पण ही तर मोहरीएवढी, आणि कुठल्याशा गवताच्या टोकाला आठवडेच्या आठवडे उपाशी बसून आपल्या श्वासाची वाट बघणारी. मला तिची भीती वाटली आणि कौतुकही वाटलं. खरं सांगायचं तर कौतुक जास्त वाटलं.

मग बाकीचं शिकवणं सोपं झालं. चिकटलेली गोचीड पोरांनी ओढायची नाही, फक्त शोधायची आणि मोठ्या माणसाला दाखवायची. मोठ्यांनीही बिडीचा चटका द्यायचा नाही, रॉकेल ओतायचं नाही, नखाने चिरडायची नाही, कारण डिवचली की ती पोटातलं विष जखमेतच ओकते. चिमट्याने कातडीलगत धरायची, सरळ वर ओढायची, जागा साबणाने धुवायची. आणि नंतर ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आधी सांगायचं.

"चिमटा कुठनं आणायचा?" एकाने विचारलं. मी माझा भुवयांचा चिमटा दाखवला, तेव्हा सगळी हसली. ती बरणीवाली मुलगी म्हणाली, "बाई, आजाकडं हाय. काट्याचा." बाभळीच्या मुलखात काटा काढायचा बारीक चिमटा जुनी माणसं करगोट्यालाच अडकवतात, हे मला तेव्हा कळलं. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या कमरेला माझ्या शिकवण्याचं सामान आधीपासून लटकत होतं.

थंडीच्या दिवसांत ती मुलगी शाळेत येईनाशी झाली. ती दांडी मारणारी नव्हती, म्हणून मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. बाप कळपाबरोबर गेलेला. घरात आई, आजा आणि तिचा धाकटा भाऊ, तीनेक वर्षांचा. भाऊ आईच्या मांडीवर पडला होता. अंग तव्यासारखं. गावातून तापाची गोळी आणली होती, तिने ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पोर आता डोळेही धड उघडत नव्हतं.

त्याच्या डोक्यावर खांद्यापर्यंत वाढलेलं जावळ होतं, वर गोळा करून हळदीच्या दोऱ्याने बांधलेलं. त्या घराण्याची रीत अशी की जावळ एकदा बांधलं की ते देवाच्या जत्रेतच सोडायचं आणि तिथेच काढायचं. तोवर त्याला फणी नाही, कात्री नाही, कुणाचा हातही नाही. आदल्या वर्षी कळप लांब होता म्हणून जत्रा हुकली होती. देव कोपला असा आजाने अर्थ लावला होता. त्यांनी जीप सांगितली होती. दुपारी निघायचं, देवासमोर जावळ द्यायचं, मग काय ते बघायचं.

माझा पारा चढला. देवाचं देवाला द्या, पण आधी दवाखाना, असं मी चांगलं आवाज चढवून सांगितलं. आजा शांतच होता. लाल पटका, ओठांवर पांढऱ्या मिश्या, आवाजात जराही राग नाही. "बाई, तुमी शाळंतलं सांगा, आमी ऐकतो. ह्यातलं नगा सांगू," तो म्हणाला. मांडीवरचं पोर कण्हलं. त्याची आई माझ्याकडे बघेना, सासऱ्याकडे बघेना. मला तिचीच जास्त दया आली.

एवढ्यात ती मुलगी भावाजवळ सरकली. तिने त्याची मान बघितली. काखा बघितल्या, कंबर बघितली, गुडघ्यामागे बघितलं. काही नाही. मग तिचा हात जावळाकडे गेला.

"आगं, हात लावू नगं!" आई ओरडली.

तिने हात थांबवला, पण मागे घेतला नाही. आजाकडे बघून म्हणाली, "आजा, मी कातरत न्हाई. बगती नुसतं."

"देवाचं क्यास हायत ते."

"कोकरं बी देवाचीच म्हन्तूस न्हवं तू? त्येंच्या कानामागं रोज बगतूस. मग ह्येच्या का न्हाई?"

लहान तोंडी मोठा घास होता. म्हाताऱ्याचा जबडा हलला. तो नातीकडे बघत राहिला, मग त्या पोराकडे. आयुष्यभर पाळलेली रीत आणि मांडीवरचं तापलेलं लेकरू, दोन्ही त्याच्याच घरची. मी काही बोलले असते तर बिघडलं असतं, म्हणून जन्मात पहिल्यांदा गप्प बसले.

"बग," तो म्हणाला. "दोरा म्या सोडतो."

त्याने आधी दोन्ही हात कपाळाला लावले, मग गाठ सोडली. केस खांद्यावर सुटले. आणि त्या मुलीची बोटं चालू लागली. मी तसं बघणं आधी कधी पाहिलं नव्हतं. लोकर बाजूला सारून कातडी बघतात तसे ती केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवत होती, एक रेघ झाली की तिच्या शेजारची दुसरी, केस न ओढता, भाऊ जागा न होता. डाव्या कानामागे, केसांच्या आत, ती थांबली.

"हाय," ती म्हणाली.

तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली, निळसर करडी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आईच्या तोंडून हुंदका फुटला. आजाचा हात सवयीने खिशातल्या बिडीकडे गेला.

"बिडी नगं आजा. चिमटा."

आजाने बिडी खाली ठेवली. करगोट्याचा चिमटा काढला, धोतराला पुसला, आणि ज्या हाताने त्याने सगळी हयात कोकरांच्या खुरांतले काटे काढले होते त्या हाताने ती गोचीड कातडीलगत धरून सरळ वर ओढली. ती अख्खी निघाली, पाय हलवत. काडेपेटीतल्या काड्या ओतून तिला आत बंद केलं. मी पोराचे तळहात उघडून बघितले. लाल बारीक ठिपके, तळपायांवरही तेच. प्रशिक्षणात गोचीडतापाचे म्हणून पडद्यावर दाखवलेले ठिपके ते हेच.

तेवढ्यात बाहेर जीप वाजली. आजा उठला, नातवाला घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "देवाकडं न्हाई रं. जतला, दवाखान्यात." आम्ही सगळेच बसलो.

डॉक्टरांनी काडेपेटी उघडून बघितली, तळहात बघितले, आणि लगेच गोचीडतापाचं औषध सुरू केलं. तपासण्या मागाहून केल्या. ही डबी आणली नसती तर मी आधी दुसरंच काहीतरी शोधत बसलो असतो, असं ते म्हणाले. गोचीड कुणी शोधली विचारल्यावर ती मुलगी आईच्या पदरामागे गेली. पोराला ठेवून घेतलं. ताप उतरून त्याने भाकरी मागितली तेव्हा मी तिथेच होते. आईने मला मिठी मारली आणि मी शाळेतली बाई आहे हे विसरून रडले.

आजही मला नवल वाटतं ते म्हाताऱ्याचं. त्या मुलीची ती बोटं मी शिकवलेली नव्हती, कोकरांनी शिकवलेली होती. मी फक्त कुठे बघायचं ते सांगितलं, आणि तेही माझ्या वडिलांचं. पण पिढ्यांची गाठ एका श्वासात सोडायची, तीही हात जोडून, कुणावर न चिडता, हे त्याला कुणी शिकवलं? मी चिडल्याशिवाय आजवर काही बदललेलं नाही.

जावळ पुढे जत्रेत रीतसर निघालं. देवाने काही तक्रार केली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी प्रार्थना संपून जोड्या बसल्या होत्या. त्या मुलीची जोडीदार आली नव्हती, म्हणून ती एकटीच मांडी घालून बसली होती. दारात आजा उभा होता, खांद्यावर चकोट केलेला नातू. नातवाला त्याने माझ्या टेबलावर बसवलं, चपला बाहेर काढल्या आणि जाऊन नातीसमोर खाली बसला.

"माझं बी बग," तो म्हणाला. "रोज मेंढरांत आस्तो मी."

आणि त्याने पटका काढला. तो पटका उतरलेला त्याच्या सुनेनेही कधी बघितला नव्हता, हे तिने मला नंतर सांगितलं. आत विरळ पांढरे केस होते, आणि ऊन कधी न लागलेलं फिकट कपाळ. त्याने मान नातीपुढे खाली घातली. मी हजेरी घ्यायची विसरून उभी राहिले.

तिने त्याचा कान अलगद पुढे वळवला आणि बघायला लागली.