कोरी ठेवलेली जागा

बीडच्या स्टँडामागे माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. कॉपी केलेल्या सीडी चालाव्यात म्हणून परदेशी मशिनात चिप बसवून घ्यायला मी एकाच कारागिराकडे जायचो. चिपच्या केसाएवढ्या तारा कथलाचा डाग देऊन बोर्डाला जोडताना त्याचा हात कधी हलला नाही. कथलाची तार दातात धरून तो बोलायचा, तेही मशिनाशीच, "थांब बे, झालंच."

चिपसोबतच्या कागदावर डागाची जागा दाखवलेली असे. हा तिथं डाग द्यायचाच नाही. मीटर लावून बोर्डावर त्याच जागेला जोडलेल्या तांब्याच्या लाईनवर दुसरीच जागा हुडकायचा. मला ती मिजास वाटायची.

"कागदावरच्या जागेला कावून देत न्हाई डाग?"

"हाय की ती. ऱ्हाऊ द्या."

एकदा त्यानं जोडलेली एक तार सुटली. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, म्हणून मीच डाग द्यायला बसलो आणि त्यानं हुडकलेल्या जागेवरची तांब्याची टिकलीच बोर्डावरून उखडून आली. त्याच्याकडे जाऊन म्हणालो, "आपोआप निघालं."

त्यानं भिंगातून बोर्ड पाहिला. मग कागदात दाखवलेल्या, बोर्डावर आजवर कोऱ्या ठेवलेल्या जागेवर एका दमात डाग दिला. मशीन सुरू झालं.

"ही जागा तुमच्यासाठीच ठेवली व्हती," तो म्हणाला.