झूम नसलेला कॅमेरा

आईचा एक धड फोटो हवा होता, एवढंच माझं मागणं. ती आता बरंच विसरते. मला कधी मावशी म्हणते, कधी नुसतीच बघत राहते. तिचा तो जुना, चिडका, जिवंत चेहरा अधूनमधून उगवतो आणि जातो. तो कायमचा जायच्या आत मला धरून ठेवायचा होता.

मोबाइलवर काढ ना, असं सगळे सांगतात. काढून दाखवा म्हणावं! मोबाइल समोर धरला की आईला वाटतं, दुबईहून माझ्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. लगेच पुढे वाकून "जेवलास का रे?" म्हणून ओरडते आणि उत्तर ऐकायला कान पुढे करते. माझ्याकडे आईच्या कानाचे ढीगभर फोटो आहेत.

खराखुरा कॅमेरा मात्र तिला ओळखू येईल, अशी मला आशा होती. बाबांचा एक होता, रोल घालायचा, खिशात मावणारा. शेजारच्या काकांनी कुवेतहून आणून दिलेला. त्याला झूम नव्हता. माणूस मोठा दिसायला हवा तर आपण पुढे जायचं, सगळे मावायला हवेत तर मागे. तेव्हा जुन्या पनवेलमध्ये, वडाळे तळ्याजवळ आमच्या दोन खोल्या होत्या आणि दाराला चांगली उंच पायरी होती. बाबा कॅमेऱ्याला डोळा लावून मागे मागे सरकत जायचे आणि आई समोरून हात वर करून ओरडायची, "अहो, मागे पायरी आहे!"

"बघितली, बघितली. तू हलू नकोस," म्हणत बाबा खटका दाबायचे.

एकदा पडलेच होते, कॅमेरा तेवढा वर धरून. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये तोंड मिटलेली आई सापडायची नाही. "लोकांचे फोटो हसतात, तुझे ओरडतात," असं भाऊ तिला चिडवायचा. ती म्हणायची, "मग काय, पडू देऊ त्यांना?"

बाबा गेल्यावर कॅमेरा कपाटात पडून राहिला आणि आमच्याकडच्या दमट हवेने लेन्सला आतून बुरशी धरली. मेली ती हवा! म्हणून दुसरा बघायला बाजारातल्या जुन्या स्टुडिओत गेले. तिथले चाचा आता पासपोर्ट फोटोंवर दुकान चालवतात, पण जुने कॅमेरे अजून काचेच्या कपाटात पुसून ठेवतात. त्यांनी मोठ्या कौतुकाने एक झूमवाला काढला.

"ताई, हा घ्या. जागेवरून हलायची गरज नाही."

"मला हलायचंच आहे."

"या अल्ला! बरं, गुडघे तुमचे," म्हणत त्यांनी बिनझूमचे पुढे सरकवले.

मोबाइलचा टॉर्च लावून मी एकेक लेन्स तपासली. पहिल्यात तीच बुरशीची पांढरी जाळी. दुसऱ्याचं मागचं झाकण नीट बसेना, म्हणजे उजेड शिरून सगळा रोल वाया. तिसरा ओरखडे पडलेला, दिसायला अगदी गरीब, पण लेन्स काय स्वच्छ होती! मुठीत घेतला आणि परत ठेवलाच नाही. बाबांचा अस्साच लागायचा हाताला, थंड आणि वजनदार. चाचांनी त्यात रोल भरून दिला आणि मी तडक घरी आले.

नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई खिडकीशी बसली होती. उजेडही छान होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. ती बघत राहिली, भलत्याच कुणाकडे बघावं तशी. मला रडूच कोसळायचं बाकी होतं. एवढा खटाटोप केला तो काय यासाठी? तिचे हात चौकटीत मावत नव्हते, म्हणून एक पाऊल मागे गेले. मग आणखी एक.

आईच्या भुवया चढल्या. हात वर गेला.

"अहो! मागे पायरी आहे!"

बाबा गेल्यापासून तिच्या तोंडून 'अहो' ऐकलं नव्हतं. आमच्या हॉलमध्ये पायरी नाही, सपाट फरशी आहे. तरी मी जागच्या जागी थांबले.

"बघितली, बघितली," मी म्हणाले. "तू हलू नकोस."

आई हलली नाही. मी खटका दाबला.