पट्टीकाकूंची खळ

आत्ता, या घडीला, घर सोडून खाली उतरायची वेळ आली तर तुम्ही शेजारच्या कोणाचा हात धरून उतराल? नाव सांगा. 'बघू तेव्हा' हे काही नाव नव्हे.

प्रश्न माझा नाही, पट्टीकाकूंचा आहे. घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याशी आमची तीन मजली चाळ होती. तिथल्या प्रत्येक धडधाकट माणसाला काकूंनी जिन्यात अडवून तो विचारला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडली नव्हती. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. माझ्या वाट्याला मोरेमामा आले. आमच्याच मजल्यावर, मागच्या टोकाच्या खोलीत ते एकटे राहत. शिवणकाम करत. एक पाय गुडघ्यात वाकत नसे, त्यामुळे जिना उतरायला हात लागे. "मामा, तुमच्यासाठी ही पोरगी ठरली," असं काकूंनी त्यांच्यासमोर जाहीर केलं. मामा हसून म्हणाले, "चला, म्हातारपणी माझंही कुठेतरी ठरलं एकदाचं."

काकूंचं खरं आडनाव चाळीत फारसं कोणी घेत नसे. भिंतीला तडा दिसला की त्या त्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवत. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. दोन्ही टोकांना खळ लावायची, मधला भाग कोरडा ठेवायचा आणि पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना ताणून बसवायची. तडा जुना आणि झोपलेला असेल तर पट्टी वर्षभर तशीच राहते. तडा रुंदावत असेल तर ती फाटते. प्रत्येक पट्टीवर त्या पेन्सिलीने दिवस लिहीत. तारखा त्यांच्या ध्यानात राहत नसत, म्हणून 'नागपंचमी, सकाळ', 'भाऊबीज', 'संकष्टी, पाणी गेल्यावर' असं लिहिलेलं असे. मागचा जिना चढताना चाळीचं सगळं वर्ष भिंतीवर वाचायला मिळायचं.

हे त्या मिलमध्ये शिकल्या होत्या. वायंडिंग खात्यात वीस वर्षं त्यांनी काम केलं. तिथे भिंतीला तडा गेला तेव्हा खात्यातल्या फिटरने त्यावर काचेची पट्टी बसवली होती. एका दुपारी ती तडकली आणि बायकांनी साहेबाची वाट न पाहता मशीनं सोडली. "साहेब येईपर्यंत छप्पर खाली आलं होतं," असं काकू सांगत. नवरा गेला, मिल बंद पडली, आणि काकू घाटकोपरच्या एका खोलीत, पेन्शनशिवाय, ही एक विद्या घेऊन राहिल्या.

काच परवडत नव्हती, म्हणून कागद. कागदासाठी त्या माझ्याकडे येत. आमच्या घरी जेवायच्या पाटाखालीही पत्रकं असायची. बाबा युनियनचे. मी अक्षरं गिरवली तीच सायक्लोस्टाइलच्या शाईवर. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि उरलेली थप्पी काकू घेऊन जाऊ लागल्या. "तुझा कागद झकास पातळ गो. जाड कागद नुसता ताणतो, फाटत नाय." बदल्यात आमच्या पोस्टरांसाठी खळ त्याच करून देत. मैदा गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर हलवत राहायचं आणि उतरवताना चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे झुरळं खात नाहीत. खळीचं पातेलं त्यांनी वेगळं ठेवलं होतं. त्यावर तेलरंगाने लाल फुली होती, का तर मोरचूद विषारी. मी रस्त्यावर लावलेली पोस्टरं दोन दिवसांत उचकटली जायची. जिन्यातल्या त्यांच्या पट्ट्यांवर मात्र माझी अर्धीमुर्धी वाक्यं महिनोन् महिने टिकायची.

त्यांची खोली बघायला लोक यायचे आणि हसायचे. दाराशी खिळ्याला एक पिशवी, मोरेमामांनी जुन्या पँटीच्या कापडाची शिवलेली. आत रेशनकार्ड, बॅटरी, मेणात बुडवलेल्या काड्या, भाजलेल्या तांदळाचं पीठ आणि गूळ. कोपऱ्यात जुन्या सुती लुगड्यांचा पिळून केलेला दोर. स्टोव्हजवळ वाळूचा डबा. पिण्याच्या पाण्याचे दोन हंडे, दर तिसऱ्या दिवशी बदललेले. आणि चपला नेहमी दाराकडे तोंड करून. "घाईत चप्पल शोधणारा माणूस मागे राहतो," असं त्या म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी होती. तीन लांब शिट्ट्या झाल्या की हातातलं टाकून, ठरलेल्या माणसाला घेऊन, पुढच्या जिन्याने मैदानात. दर महिन्याला त्या हे करून घेत.

"काय पट्टीकाकू, आज भिंतीला ताप किती?" तळमजल्यावरचा पानवाला विचारी.

"भिंतीला कमी आहे. पण तुला उचलायला चार माणसं लागतील रे मेल्या, आधी तू वजन उतरव."

सगळे हसत. त्याच सुमारास, दुपारी, डोंगरामागच्या खडीच्या खाणीत सुरुंग उडायचे. कपातला चहा थरथरायचा. काकू हसणं अर्ध्यावर सोडून मागच्या जिन्याकडे जायच्या.

त्या वर्षी पावसाळा सरला तरी जिन्यातल्या पट्ट्या फाटत राहिल्या. गौरीला लावलेली दसऱ्याला फाटली. दसऱ्याची दिवाळीपर्यंत टिकली नाही. पुढची आठ दिवसांत गेली. काकू रोज सकाळी पाणी भरून झालं की जिना चढत, एकेक पट्टी बोटाने चाचपत, आणि फाटली असेल तिथे नवी लावत.

आमच्या मालकाला चाळ पाडून तिथे इमारत उठवायची होती. पंधरा वर्षांत त्याने विटेला वीट लावली नव्हती. भाडं घ्यायला यायचा, गळती दाखवली की आभाळाकडे बोट करायचा. मग महापालिकेचा इंजिनियर बघायला येणार असं कळलं. इमारत धोकादायक ठरली तर खोल्या खाली कराव्या लागणार, आणि एकदा बाहेर पडलेला भाडेकरू पुन्हा आत येत नाही, हे आम्ही आजूबाजूला बघत होतो. सभा झाली. पट्ट्या काढून चुना मारायचं ठरलं. ओलं फडकं घेऊन पट्ट्या खरवडल्या त्या मी. काकू खालच्या पायरीवर बसून बघत होत्या. एकदाच म्हणाल्या, "थर्मामीटर फोडून ताप जात नाय गो बाय."

चुना वाळायच्या आत त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या. इंजिनियरने त्या पाहिल्या की नाही, मला ठाऊक नाही. नोटीस आली.

मी त्यांच्या खोलीत भांडायला गेले. शब्दन् शब्द आठवतो.

"काकू, ही मालकाची चाल आहे. बाहेर पडलो की तो परत आत घेईल का?"

"नाय घेणार."

"मग?"

"मग रस्त्यावर बसून भांडू. भांडायला माणूस जिवंत लागतो ना?"

"तुम्हाला लढा कळत नाही."

त्या स्टोव्हला पिन मारत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू पाळण्यात होतीस तेव्हा मी मिलच्या गेटवर सात रात्री काढल्यात. मालक लबाड आहे, मी सांगते तुला, एक नंबरचा लबाड. पण भिंत कुठच्या पक्षाची नाय."

मी निघून आले आणि पत्रक लिहिलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं पत्रक. 'आमची चाळ भक्कम आहे, कच्चा आहे तो मालकाचा हेतू.' वॉर्ड ऑफिसवर मोर्चा जाहीर केला. तळाशी ठळक अक्षरांत सूचना घातली: मोर्च्याच्या दिवशी एकाही खोलीला कुलूप लावू नये, कबजा राखायला प्रत्येक घरी एक माणूस ठेवावा. कारण रिकाम्या खोलीला मालक आपलं टाळं ठोकील. मुंबईत राहिलेल्या कोणालाही ही भीती समजावून सांगावी लागणार नाही. घरी कोणाला ठेवायचं हे पत्रकात नव्हतं, ते न सांगता ठरलं. चालू शकणारे मोर्च्याला आले. चालू न शकणारे कबजा राखायला बसले.

म्हणजे काकूंनी वर्षभर खपून जोडलेले हात मी एका ओळीत सोडवले.

मोरेमामांनी आमचा बॅनर शिवला होता, तांबड्या कापडाचा, दुहेरी शिलाईचा. निघताना मी तो घ्यायला गेले. "वाऱ्याने फाटणार नाही, बघ," ते म्हणाले. "लवकर ये पण. मागच्या जिन्यात आज कुरकुर आहे, काकूंचा चेहरा बरा नाही."

"दुपारपर्यंत येते, मामा."

त्या सकाळी जिन्यातल्या सात पट्ट्यांपैकी चार फाटलेल्या होत्या. पाचवी काकूंच्या डोळ्यांसमोर फाटली, आवाज न करता. त्यांनी तीन शिट्ट्या दिल्या. त्या वेळी आम्ही वॉर्ड ऑफिसच्या दाराशी, चाळ भक्कम असल्याची घोषणा देत होतो. मीच सांगत होते आणि मागून दीडशे गळे ओरडत होते.

परत आलो तेव्हा वळणावरच धूळ दिसली. चाळीचा मागचा भाग, जिन्यासकट, बसला होता. पुढचा भाग उभा होता आणि दुसऱ्या मजल्याच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर कोणाचं तरी कॅलेंडर हलत होतं. मैदानात म्हातारी माणसं जमिनीवर बसलेली, प्रत्येकाच्या पायात चपला. काकू त्यांच्यामध्ये उभ्या राहून एकेकाचं नाव घेत होत्या. एका नावाला ओ मिळाली नाही. त्यांनी ते पुन्हा घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

काय घडलं ते त्यांनी मला कित्येक आठवड्यांनी सांगितलं. तोवर आम्हाला मालाडला पत्र्याच्या खोल्या मिळाल्या होत्या. पत्र्याला तडा जात नाही, म्हणून काकूंनी आगीचं मनावर घेतलं होतं आणि दारोदार वाळूचे डबे ठेवत होत्या. डब्यात वाळू भरता भरता त्या बोलल्या. शिट्टी ऐकून सगळे उतरले. ज्यांचे हात मोर्च्याला गेले होते त्यांनी एकमेकांना धरलं. दोघींना काकूंनी स्वतः आणलं. मोरेमामांना त्यांनी मैदानातून हाक मारली. मामा चपला घालून, आपली पिशवी मांडीवर घेऊन, दाराशी खुर्चीत बसलेले होते. वरून म्हणाले, "तुम्ही बाकीच्यांना बघा. माझी पोरगी ठरलीय. येईलच ती." काकू जिन्याकडे धावल्या. दोन बायकांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, आणि मग ओढायची गरज उरली नाही.

"मला शिव्या द्या, काकू," मी म्हणाले.

"शिव्या देऊन काय होणार? डबा धर." वाळू भरून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इथे कोण ठरलंय तुझ्याकडे?"

त्या उठल्या, मला हाताला धरून तिसऱ्या खोलीतल्या आंधळ्या आजींकडे घेऊन गेल्या. "ही तुमची," एवढंच म्हणाल्या.

वर्षभराने त्या कायमच्या गावी गेल्या. एस.टी.च्या थांब्यावर मी सोडायला गेले होते. पिशवी तीच, मामांनी शिवलेली. गाडी लागल्यावर म्हणाल्या, "माझं एक पत्रक काढ."

"काय लिहू?"

"खळ कशी करायची ते लिही. पट्टी कशी लावायची ते लिही. मालकाला काय घालायच्या त्या शिव्या खाली घाल. जागा उरली तर."

जागा उरली आहे, म्हणून लिहिते. मालकावरचा खटला चालू आहे. आमच्या चाळीच्या जागेभोवती पत्रे लागलेत. तो गुन्हेगार आहे, हे मी उद्याही लिहीन, परवाही लिहीन. पण त्याच्या लबाडीवर माझी इतकी नजर खिळली होती की शेजारची भिंत मला दिसली नाही, हे त्याच्यावर ढकलता येणार नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशीच नोटीस आली असेल, अशीच सभा भरली असेल. कोपऱ्यात चुन्याची बादली तयार असेल. लढा जरूर. पण म्हाताऱ्यांना कबज्यावर बसवून लढू नका.

आणि आज एवढं करा. या पानाची कडेची कोरी जागा मुद्दाम रुंद ठेवली आहे. ती दोन बोटं रुंद कापा. खळ करा. घरातला, जिन्यातला जो तडा रोज पाहून न पाहिल्यासारखा करता, त्यावर पट्टी आडवी बसवा, मधे कोरडी, आणि तिच्यावर आजचा दिवस लिहा. मग हात धुऊन शेजारचं दार वाजवा. आत जो माणूस एकटा जिना उतरू शकत नाही, त्याला सांगा, तुमच्यासाठी मी ठरलोय, मी ठरलेय. आणि सांगितलंत, तर या.