एकाच रक्ताचे पाहुणे

मंडळी, आज तुळिंजला आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले होते.

मुलाचे वडील आपल्या या ऑनलाइन कम्युनिटीतल्यांसारखेच निघाले. आर्य बाहेरून आलेच नाहीत, ती इंग्रजांची थाप, आपण सगळे एकाच रक्ताचे! पोह्यांची दुसरी बशी संपेपर्यंत हेच. बाबा मान डोलवत होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला.

"मुलगी हुशार आहे हो, पण फार काळी. आमच्या घराण्यात सगळे गोरे, घारे. आमचं रक्तच वेगळं."

मी खदाखदा हसले. बाबा नाही हसले.

"उद्या दुसरे येतायत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "जरा पावडर थापून बस."

सांगा, पहिली कानाखाली कोणाच्या वाजवू?