कापशीचे थांबे

मंठ्याकडच्या आमच्या वावराला आणि चुलतभावाच्या वावराला एकच बांध. बांधावर एक बाभूळ, आणि त्या हिवाळ्यात बाभळीवर कापशीचं घरटं होतं. कापशी म्हणजे कावळ्याएवढी, पांढुरकी, लाल डोळ्यांची छोटी घार. हवेत एकाच जागी पंख मारत थांबते आणि उंदीर दिसला की सरळ खाली झेपावते.

तिला मीच बोलावलं होतं. शाळा सांभाळून मी दोघांच्याही हरभऱ्यात पक्षीथांबे रोवले होते. पाखरांना बसायला आडवी दांडी बांधलेल्या बांबूच्या काठ्या. गाव हसलं. "मास्तर, पाखरायला खुर्च्या मांडून राह्यले का?" पुढे उंदीर कमी झाले, तसं हसणंही कमी झालं.

घरट्यात तीन पिल्लं झाली. मी भावाला म्हणालो, पिल्लं उडेपर्यंत उंदरांचं औषध टाकू नकोस. औषध खाल्लेला उंदीर कापशीनं धरला तर तीही जाईल. त्यानं वाकून मूठभर माती उचलली.

"दादा, ह्या काळ्या आईची शप्पथ. एक दाणा टाकणार न्हाई."

आमच्याकडे मातीची शपथ घेतली की पुढे कोणी काही विचारत नाही. मी अंबडला एका लग्नाला गेलो आणि चार दिवस निर्धास्त राहिलो.

परत आलो तर मादी थांब्याखाली पडलेली. नखांत अजून अर्धा उंदीर होता. काटे टोचून घेत बाभळीवर चढलो. तिन्ही पिल्लं गार. उतरून भावाच्या वावरात गेलो, तर बिळांच्या तोंडाशी तेलात कालवलेला औषधाचा भरडा.

तो घरी चहा पीत बसला होता. "तुह्या वावरात एक दाणा न्हाई टाकला, दादा. बघून घे. म्या बराबर बांधाच्या अलीकडंच टाकला."

त्याला खरंच वाटत होतं की आपण शब्द पाळला! बांधावरून कोर्टापर्यंत जाणारी माणसं आम्ही, वीतभर इकडचं तिकडे होऊ देत नाही. पण तो बांध कापशीला कोण दाखवणार? मला संताप आला आणि रडूही आलं. परका असता तर भांडून मोकळा झालो असतो. ह्यानं केसानं गळा कापला होता. आणि माझ्या थांब्यावर विश्वासून बसलेल्या त्या पाखराचा मी.

त्याच दिवशी सगळे थांबे उपटून गोठ्यात टाकले. नर काही दिवस रिकाम्या वावरावर येऊन फडफडत राहिला. मग तोही दिसेना.

यंदा हरभऱ्यात उंदीर मोकाट सुटलेत. परवा भाऊ बांधावर आला.

"दादा, ते थांबे रोव की पुन्हा. औंदा औषध बिलकुल न्हाई."

एवढं बोलून तो माती उचलायला वाकला.

"राहू दे," मी म्हणालो. "तिला तरी सोड."