कासवाचा वारसदार

आमच्या मोठ्या मामाजींना जगातलं सगळं येतं, फक्त "मले माहीत नाई" एवढं म्हणता येत नाही. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. गाडी सुटली, पण स्टिअरिंग काही त्यांच्या हातून सुटलं नाही. मानोऱ्यात आमच्या गल्लीत कुणाकडे काही बिघडलं की हे हजर. डॉक्टरकडे गेले तर आधी स्वतःचा आजार सांगतात, मग त्यावरचं औषध, आणि डॉक्टर लिहायला लागले की "अक्षर जरा नीट काढा" असंही बजावतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आमचा पंखा दुरुस्त केला आणि तो उलटा फिरायला लागला. वाऱ्याचं नाव नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "सूनबाई, उन्हाळ्याची सेटिंग हाय ते. गरम हवा वर ओढते." आख्खा मे महिना आम्ही घाम पुसत बसलो, पण चुकलं म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

असा माणूस एका सकाळी पोहरादेवीच्या रस्त्यावरून आला तो टोपी हातात धरून. टोपीत लिंबाएवढं कासवाचं पिल्लू, पाठीवर पिवळ्या रेघा. रस्त्याच्या मधोमध बसलं होतं, ट्रकखाली जाता जाता वाचलं.

"तुमाले कासवातलं काय समजते?" मोठ्या आत्याबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं.

"त्यात समजाचं काय हाय? पाण्यातला जीव, पाण्यात ठेवाचा!" म्हणत मामाजींनी त्याला भरल्या बादलीत सोडलंसुद्धा. ते बिचारं जमिनीवर राहणारं कासव! चारी पाय मारत थेट तळाला चाललं. मी किंचाळले. मामाजींनी कोपरापर्यंत हात घालून त्याला वर काढलं, खांद्यावरच्या दुपट्ट्याने टिपलं आणि शांतपणे म्हणाले, "पोहता येते का नाई, ते पाहून राह्यलो होतो."

त्यानंतर मात्र रोज संध्याकाळी माझा मोबाईल गायब व्हायला लागला. गोठ्यामागे खाटेवर बसून मामाजी कासवांचे व्हिडिओ बघायचे आणि कुणी आलं की बातम्या लावायचे. शिकत होते हो, पण शिकतोय हे कळू द्यायचं नव्हतं. हळूहळू आमचं घर त्या पोट्ट्याच्या तब्येतीवर चालायला लागलं. हो, पोट्टं, म्हणजे पोरगंच म्हणायचे त्याला. पाठ मऊ राहू नये म्हणून अंड्याची टरफलं खलबत्त्यात कुटायची. देवाला जास्वंद उरेना, कारण पहिलं फूल पोट्ट्याचं. कोवळ्या उन्हात त्याला अंगणात सोडून मामाजी काळी छत्री घेऊन बसायचे, म्हणजे ऊनही मिळेल आणि कावळाही फिरकणार नाही. कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बसवायला त्यांनी आत्याबाईंची कणकेची परात उचलली. त्या दिवशी घरात जे महाभारत झालं! आत्याबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाणी मात्र त्याच गरम करत होत्या आणि वरून, "हात घालून पाहा आधी, पोळन त्याले," असं दटावतही होत्या.

सगळं झकास चाललं होतं, आणि एका दुपारी जेवता जेवता माझे यजमान सहज बोलून गेले, "काका, हे जनावर शंभरी गाठते म्हणतात."

मामाजींचा घास हातातच राहिला. त्यांची सत्तरी कधीच उलटलेली. त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा मागितला नाही. संध्याकाळी मला म्हणाले, "सूनबाई, माह्या मागं याले कोन पाहीन?"

दुसऱ्या दिवसापासून वारसदाराचा शोध सुरू झाला. माझ्या यजमानांचा पहिल्या फटक्यात निकाल लागला. "ज्याले मोटर बंद कराची याद राहत नाई, तो काय जीव सांभाळन?" वाशीमचा जावई बाद, कारण तिसरा मजला, अंगणाची बोंब. मी शाळेत शिकवते, म्हणून "तुही बदली होते, बाई," म्हणत मलाही काढलं. मी भीत भीत सांगितलं, "मामाजी, असं कासव घरात ठेवणं गुन्हा आहे म्हणे. वनखात्यात द्यावं लागतं." वाटलं, आता आभाळ फाटणार. पण त्यांनी पोट्ट्याला उचलून तळहातावर घेतलं. "चाल मंग," म्हणाले, "त्या लोकाईले पाहू तरी."

पाहू म्हणजे अगदी मुलगी द्यायला गेल्यासारखं. पोट्टं डब्यात, डब्याला भोकं, खाली गवत. वनखात्याच्या कचेरीत टेबलामागे एक तरुण वनरक्षक होता. मामाजींनी डबा मांडीवरून खाली न ठेवता त्याला वय विचारलं, गाव विचारलं, दारू पितो का तेही विचारलं.

तो हसून म्हणाला, "बाबा, माझं काय घेऊन बसलात? माझी बदली झाली की दुसरा येईल. तो रिटायर झाला की तिसरा."

"मंजे तुमचं खातं मरतच नाई?"

"नाही मरत."

मामाजींनी डबा टेबलावर ठेवला. मग छत्री, परात, जास्वंद, टरफलं, सगळं त्याला दोनदा समजावून सांगितलं. तो म्हणाला, आधी डॉक्टर तपासतील आणि ठणठणीत असलं की योग्य जंगलात सोडतील. मामाजींनी त्या पाठीवरून बोट फिरवलं. "पाठ टणक झाली ना?" असं पोट्ट्यालाच विचारलं, आणि उठले.

परतीच्या गाडीत ड्रायव्हरने गिअर चुकीचा टाकला, तरी मामाजी काही बोलले नाहीत. रिकामा डबा मांडीवर होता. माझ्याने राहवेना. मी विचारलं, "मामाजी, करमेल ना त्याला तिथं?"

त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आतलं गवत नीट केलं, झाकण पुन्हा लावलं.

"मले माहीत नाई, बाई," म्हणाले.